बाईसाहेबांची गुळणी आणि माझे पाय

सोमवार, ३ जून

पुन्हा ओकली! पांढरा, इस्त्रीचा सदरा. कॉलर मी स्वतः बसवलेली. दूध पिऊन झाले, मी मांडीवर घेतले, ती हसली, आणि हसता हसताच घळकन सगळे बाहेर. रडणे नाही, त्रास नाही. उलट माझ्याकडे अशी पाहत राहिली, की जणू मीच काही सांडले आहे!

नात तीन महिन्यांची आहे. मी तिला बाईसाहेब म्हणतो. जन्मभर गिऱ्हाइकांचे कपडे शिवले, परंतु इतके नखरेल गिऱ्हाईक दुकानात कधी आले नाही.

सूनबाई सदरा धुवायला घेऊन गेली. जाताना म्हणाली, "बाबा, घरातल्या घरात बनियनवर बसलात तरी चालेल हो." बनियनवर मी कोणासमोरही बसलेलो नाही.

मंगळवार, ४ जून

थकलो. लिहवत नाही.

गुरुवार, ६ जून

सूनबाईची रजा या महिन्याअखेर संपते. चष्म्याच्या दुकानात तिची नोकरी आहे. दिवसभर नातीला सांभाळायचे कोणी, असा प्रश्न घरात निघाला आहे. माझ्या मते हा प्रश्नच नाही — मी आहे!

परंतु आज भिंतीआडून ऐकू आले. चिरंजीव ट्रक घेऊन बाहेरगावी आहेत, त्यांना ती फोनवर सांगत होती. "पाळणाघर बघून आले मी. बाबांकडे असली की जास्तच ओकते रे. माझ्याकडे एवढं नाही होत."

माझ्याकडे असली की जास्त! जेवण गेले नाही. पोट बरे नाही असे सांगितले.

शनिवार, ८ जून

नातीसाठी नव्या चड्ड्या शिवल्या. हातशिलाई, कारण मशीन विकून टाकले आहे. कमरेचे इलॅस्टिक असे बेतले, की सरकायला जागा नाही. अगदी अंगाबरोबर! चिरंजीव दुपारी घरी आले. पाहून म्हणाले, "बाबा, एवढी फिट्ट! बाईसाहेबांची कुठे मुलाखत आहे का?"

थट्टा कळते मला. शिलाई सरळ आहे, हे मात्र कोणी म्हणाले नाही.

तीच चड्डी घालून बाईसाहेबांनी संध्याकाळी चिरंजिवांच्या डोळ्यांदेखत माझ्या मांडीवर सगळे दूध टाकले. त्यांनी नुसते फडके पुढे केले. बोलले असते तर बरे झाले असते.

सोमवार, १० जून

दवाखाना. मीही गेलो. सूनबाई नको म्हणत होती, तरी गेलो.

डॉक्टरीणबाई वयाने लहान, परंतु कामाला नीट. आधी वजन केले. म्हणाल्या, "वजन मस्त वाढतंय. हसतेय, खेळतेय. मग हा आजार नाही. तुमचं धुणं वाढतं, एवढंच!" पोटाचे तोंड अजून घट्ट मिटत नाही, म्हणून दूध वर येते. बसायला लागली की हळूहळू कमी होईल. मात्र उलटी हिरवी झाली, रक्त दिसले, दूध जोराने लांब उडू लागले किंवा वजन वाढेनासे झाले, तर ताबडतोब आणायचे.

मला हायसे वाटले. मी नातीला मांडीवर घेतले. डॉक्टरीणबाई लिहीत होत्या, त्या थांबल्या. टेबलाखाली वाकून पाहू लागल्या.

"आजोबा, तुमचे पाय!"

मी पाहिले. दोन्ही पाय खालीवर चालू होते. टाच, चवडा, टाच, चवडा. बाईसाहेब मांडीवर हिंदकळत होत्या. मशीन विकले, पाय मात्र अजून त्याचा पायटा मारीत आहेत — आणि मला पत्ता नाही!

सूनबाई इतकी हसली, की तिला खुर्चीला धरावे लागले. "बाबा! अहो, तुम्ही तिला टीप मारत होतात!"

एवढ्यावर संपले नाही. डॉक्टरीणबाईंनी चड्डीच्या कमरेत बोट घालून पाहिले. गेले नाही. "ही कुणी शिवली?"

"मी. अंगाबरोबर आहे."

"पोट भरलं की अंग वाढतं ना, आजोबा."



मंगळवार, ११ जून

डॉक्टरीणबाईंनी सांगितलेले लिहून ठेवतो. चौथीपर्यंतच शिकलो, तरी ऐकलेले नीट लिहिता येते. दूध एकदम पोटभर न देता थोडे थोडे द्यावे. मध्येच थांबून पाठीवरून हात फिरवून ढेकर काढावी. पिऊन झाल्यावर अर्धा तास खांद्याशी उभे धरावे, हलवू नये. पोटावर काही आवळू नये. झोपवताना पाठीवर, सपाट अंथरुणावर. डोक्याखाली मी दुपट्याची घडी ठेवत असे, तीही काढायला सांगितली.

चड्ड्यांचे इलॅस्टिक उसवले. आपलीच शिलाई उसवताना हात चालत नाही.

शुक्रवार, १४ जून

युक्ती सापडली. खुर्चीवर बसलो की पाय चालतात. म्हणून भिंतीला टेकून जमिनीवर मांडी घालून बसलो. मांडी घातल्यावर पाय काय पायटा मारणार! दूध पाजून झाले. खांद्यावर फडके, फडक्यावर बाईसाहेब. ढेकर आली — एखाद्या पहिलवानासारखी! सदऱ्यावर थेंबसुद्धा नाही.

उठताना मात्र गुडघ्यांनी साथ दिली नाही. नातीला गादीवर ठेवले, मग भिंत धरून उठलो. कोणी पाहिले नाही.

रविवार, २३ जून

ओकणे अगदी बंद नाही, परंतु गुळणीवर आले आहे. सूनबाई भाजी निवडता निवडता म्हणाली, "पाळणाघराला नाही म्हणून कळवलं मी. तुमच्याकडेच राहू दे, बाबा."

मी "बरे" म्हणालो. आत जाऊन आरशात कॉलर नीट केली.

सोमवार, १ जुलै

सूनबाई कामावर गेली. बाटली, ढेकर, खांदा, अर्धा तास. लंगोट. झोप. पुन्हा बाटली. मला जेवायची आठवण राहिली नाही. सूनबाईने आल्यावर विचारले, "त्रास दिला का?"

"मुळीच नाही."

मंगळवार, २ जुलै

पाठ. गुडघे. मुळीच नाही म्हणालो.

बुधवार, ३ जुलै

दुपारी दूध पाजून भिंतीला टेकून बसलो. बाईसाहेब खांद्यावर. डोळा लागला.

जाग आली तेव्हा ती खांद्यावर नव्हती.

घसरून माझ्या दंडाच्या बेचक्यात आली होती. तोंड सदऱ्यात दाबलेले. माझा हात सुटून जमिनीवर पडलेला. उचलली. एक क्षण काहीच नाही. मग तिने श्वास ओढला आणि घर डोक्यावर घेतले! कोणाच्या रडण्याने इतका धीर आला नव्हता.

कोणी पाहिले नाही. सदरा कोरडा आहे.

सूनबाईने येऊन विचारले. मी म्हणालो, "मुळीच नाही."

गुरुवार, ४ जुलै

सूनबाईला सकाळीच सांगितले. काल काय झाले ते सगळे. अर्धा दिवस पाळणाघर, असे मीच म्हणालो. तिने नातीला उचलून पोटाशी धरले. मग म्हणाली, "दुपारनंतर मात्र तुमच्याकडेच. आणि खांद्यावर असली की कुणीतरी बोलतं ठेवायचं तुम्हांला. मी फोन करत जाईन."

रजा घेऊन घरीच थांबली आज. पाळणाघरात न्यायच्या चड्ड्या बेतल्या. कमरेला दोन बोटे सैल. सूनबाई समोर बसून सुईत दोरा ओवून देत होती.

उकडत होते. बनियनवर बसलो होतो.