दोन्ही गाड्या शांतच

मंगळवार, दिवेलागण

आज सांगलीला जीप चालवून पाहिली. आधी साधं मॉडेल, मग वरचं, महागातलं. मळ्यातल्या बागेची वाट खडकाळ आणि सुमनची कंबर दुखरी, म्हणून तासगाव रस्त्यावर तिलाच शेजारी बसवलं. साधी गाडी आदळत होती, वरची अलगद गेली. तेवढा फरक माझ्याही पाठीला कळला. पण आवाजाचा?

"दोन्ही शांतच हाईत," मी म्हणालो.

सुमन हसायला लागली. "आवं, चेष्टा करताय व्हय? पैलीची टायरं गिरणीवानी घरघरत हुती. मी वरडून बोलत हुते, आन तुमी नुसती मान हलवत हुता."

चेष्टाच होती, असं म्हणालो. ती बोलली कधी? मान बहुधा हादऱ्यांनी हलली असेल.

येताना मारुतीच्या देवळात एकटाच शिरलो. घंटा वाजवली. शेजारच्या गावात वाजावी तशी ऐकू आली. पुन्हा जोरात वाजवली, तर हाताला झिणझिण्या आल्या, कानाला तेवढंच. देवा, हे कधीपासून? रोज आरती म्हणतो, ती सुरात असते का?

आत्ता सुमन दारात उभी आहे. तिचे ओठ हलताहेत.

मी मान हलवली.