शुद्धाची वही

ईट, ता. भूम
५ नोव्हेंबर २०२५

प्रिय पौर्णिमा,

तुझा मेसेज मिळाला. 'कार्यक्रमाचि तयारी कुठवर आलि' असं लिहिलंयस. पूर्वी मी दोन्ही वेलांट्या दुरुस्त करून तो तुला परत पाठवला असता आणि तू हात जोडल्याचं चित्र टाकून मोकळी झाली असतीस. या वेळी पाठवला नाही, हे तुझ्या लक्षात आलं असेल. तयारी झाली आहे. अठरा तारखेला आईला जाऊन वर्ष होतंय. भन्तेजी सकाळी नऊला येतील, वंदना आणि पुण्यानुमोदन झालं की जेवणं. फोटो मोठा करून आणलाय. त्यात आई जरा रागावल्यासारखी दिसते, पण तिचा दुसरा धड फोटोच घरात नाही. तू आदल्या दिवशीच ये. हे सगळं फोनवरही सांगता आलं असतं, पण मला आणखी एक सांगायचंय आणि ते फोनवर मला जमणार नाही.

माझ्या श्रावूबद्दल आहे. ती आता तिसरीत आहे. अक्षर तुझ्यामाझ्यापेक्षा सुंदर आहे, पाढे सतरापर्यंत पाठ आहेत, आणि ती बोलत नाही. मुकी नाही झालेली. काही विचारलं की थांबते, ओठ आतल्या आत हलवते आणि मग एक वाक्य बाहेर काढते. 'मला भूक लागलेली आहे.' 'माझ्या पोटात दुखत आहे.' कर्ता, कर्म, क्रियापद, सगळं जागच्या जागी. पण विचारल्याशिवाय नाही. मागच्या महिन्यात शाळेत तिचं बोट दारात चेमटलं. रक्त आलं, तरी ती सुट्टी होईपर्यंत बाकावर मूठ आवळून बसून राहिली. तिच्या बाईंनी मला बोलावून घेतलं आणि सांगितलं की या पोरीला उद्या काही झालं तर ती कुणाला सांगणार नाही. ते ऐकल्यापासून माझं कशात लक्ष लागत नाही.

तू विचारशील, हे असं कशानं झालं. ते नीट सांगायचं तर मला माझ्यापासून सुरुवात करावी लागेल. तुला माझं पुण्याचं पहिलं वर्ष आठवतंय का? दिवाळीत घरी आलो होतो आणि चार दिवस कुणाशी धड बोललो नव्हतो. तेव्हा मी सांगितलं नाही. कॉलेजात सर्वांसमोर उभं राहून ओळख करून द्यायची होती. मी उभा राहिलो आणि म्हणालो, 'म्या भूम तालुक्यातून आलतो.' पुढचं कुणी ऐकलंच नाही. वर्षभर मला 'आलतो' याच नावानं हाक मारायचे. हसणाऱ्यांना माझं आडनाव कळल्यावर हसण्याला आणखी एक धार आली, ती काय होती हे तुला सांगायला नको. मी त्या वर्षी ठरवलं की माझ्या लेकराच्या तोंडून असा शब्द कुणाला ऐकू येणार नाही. बँकेत लागलो, आपल्या शेजारच्या वाशीच्या शाखेत आज सगळे शुद्धलेखनासाठी माझ्याकडे येतात, साहेबसुद्धा. याचा मला लई अभिमान होता. बघ, 'लई' लिहिलं. राहू दे.

श्रावू पहिलीत गेली आणि मी घरचा अभ्यास हातात घेतला. खरं तर तो आईनं आधीच घेतला होता, तिच्या पद्धतीनं. अंगणात पोतं टाकून दोघी बसायच्या. आई तुरीचे दाणे मांडून बेरजा करायला लावायची. अक्षराचं मात्र उलटं होतं. श्रावू मास्तरीण आणि आई पोर. श्रावू फरशीवर खडूनं 'भ' काढायची आणि आजीला गिरवायला लावायची. 'भिमाबाईतला भ हाय ह्यो, आज्जी, ध्येन दी की.' आईला कंटाळा आला की ती झोपेचं सोंग घेऊन आडवी व्हायची. मग श्रावू तिच्या बटनाच्या फोनवरून मला बँकेत फोन लावायची आणि तक्रार करायची, की आज्जी अभ्यास करीना. दिवसातून दोनदा तरी. मी कामात असायचो, पण हसू यायचं. ते घर आता आठवलं की वाटतं, तिथं काही दुरुस्त करायची गरजच नव्हती.

पण मला दुसरंच ऐकू येत होतं. 'न्हाय', 'व्हय', 'जमंना', 'कळंना'. मी एक दोनशे पानी वही आणली, खाकी कव्हर घातलं आणि वर लिहिलं, 'शुद्धाची वही'. नियम साधा होता. चुकीचा शब्द तोंडातून गेला की तो बरोबर करून दहा वेळा लिहायचा. 'जमंना' नव्हे, 'जमत नाही'. आणि जोवर वाक्य नीट होत नाही तोवर पप्पा उत्तर देणार नाहीत. पाणी मागितलं तरी, फोनवर असलं तरी. पहिल्या महिन्यात चाळीस पानं भरली. दुसऱ्या महिन्यात बारा. मी तुझ्या दीपालीवहिनीला ते आकडे कौतुकानं दाखवले. पानं कमी झाली ती चुका कमी झाल्या म्हणून नाही, पोर बोलायची कमी झाली म्हणून, हे मला दिसलं नाही. दीपालीला दिसलं होतं, पण अभ्यासाच्या बाबतीत माझ्यापुढं तिचं काही चालत नसे.

रुद्रम्माबाईंनी मला तेव्हाच सांगून पाहिलं होतं. श्रावूच्या वर्गशिक्षिका त्याच, पहिलीपासून. नळदुर्गकडच्या, घरात कानडी बोलतात. एका संध्याकाळी घरी आल्या, आईच्या हातचा चहा घेतला आणि म्हणाल्या, 'घरी तिला तिच्या शब्दांत बोलू द्या, सर. तिनं सांगायचं आणि तुम्ही ऐकायचं, एवढाच अभ्यास पुरे आहे. पुस्तकातली भाषा आम्ही शिकवू, ती मागून येते.' मला ते झोंबलं. मला वाटलं, आमच्या पोरांनी आहे तिथंच राहावं असं या गोड शब्दांत सांगतायत. मी त्यांना फटकन म्हणालो की तुमची मुलं इंग्रजी शाळेत असतील. त्या चहा अर्धा ठेवून उठल्या. आई आतून ऐकत होती. त्या गेल्यावर ती एवढंच म्हणाली, 'आरं प्रेमा, लेकरू काय म्हणतंय ते ऐक की आधी. शबूद मागनं नीट कर.' मी आईचाही 'शबूद' दुरुस्त केला. त्यानंतर ती माझ्यासमोर फारसं बोलायची नाही.

आता गेल्या वर्षीचा तो शनिवार. तुला जेवढं माहीत आहे तेवढं आधी सांगतो. दीपाली वडिलांच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी तामलवाडीला गेली होती. श्रावूची सकाळची शाळा साडेदहाला सुटली. आईनं शुगरची गोळी घेतली होती आणि जेवली नव्हती, भाकरी झाकून तशीच होती. शेजारच्या कडूबाई खुरपायला गेलेल्या, गल्लीत चिटपाखरू नव्हतं. दीड वाजता त्या परतल्या तेव्हा आई पोत्यावर पडलेली आणि श्रावू तिच्या उशाशी गप्प बसलेली. त्यांनी मला फोन केला. धाराशिवच्या डॉक्टरांनी सांगितलं, साखर फार खाली गेली होती, दोन-अडीच तास आधी आणलं असतं तर बाई उठून बसली असती. दोन दिवसांनी आई गेली.

मग माणसं बोलू लागली. सात वर्षांची घोडी झाली, रस्त्यावर येऊन ओरडता आलं नाही का. फोन हाताशी होता, बापाला लावता आला नाही का. एवढी हुशार म्हणतात, आणि आजी मरत होती तर बघत बसली. कडूबाई वाईट मनाच्या नाहीत, पण त्यांनीही हे दहा जणांत सांगितलं. मी तिथंच बसलो होतो, पौर्णे. माणसं मला धीर देत राहिली आणि मी तो घेत राहिलो.

आणि मागच्या रविवारी तू फोन केलास. स्पीकर चालू होता. तू प्रेमानंच विचारलंस, पण विचारलंस, की श्रावू, तू त्या दिवशी कुणाला हाक का नाही मारलीस गं? श्रावू उभी राहिली. तिनं आधी माझ्याकडं पाहिलं, ओठ हलवले आणि म्हणाली, 'आत्या, माझे चुकले.' माझं नाही, माझे. मी शिकवलं होतं तसं. तू रडलीस आणि तिला म्हणालीस, जाऊ दे बाळा. मी उठून बाहेर गेलो. आठ वर्षांच्या पोरीनं माझी चूक आपल्या अंगावर घेतली आणि तीही शुद्ध मराठीत.

म्हणून हे पत्र. श्रावूनं फोन केला होता. अकराला पाच मिनिटं कमी होती. माझ्यासमोर तपासणीला आलेले साहेब बसले होते, फोनचा आवाज मोठा होता. ती म्हणाली, 'पप्पा, आज्जी उठंना.' मला वाटलं, रोजचंच, आई सोंग घेऊन पडली असेल. आणि साहेबांना तो शब्द ऐकू गेला याची मला लाज वाटली. मी म्हणालो, 'उठंना नव्हे. पूर्ण वाक्यात बोल. दहा वेळा लिही आणि मग फोन कर.' फोन ठेवला, बंद केला आणि ड्रॉवरमध्ये टाकला. तो दीड वाजायच्या जरा आधी, जेवायला उठताना चालू केला. तिनं लिहिलं, पौर्णे. आईशेजारी पोत्यावर बसून लिहिलं, 'आजी उठत नाही', एकाखाली एक दहा वेळा, एकही वेलांटी चुकली नाही. मग फोन लावला, तो लागला नाही. मग लागावा म्हणून आणखी दहा वेळा लिहिलं. अशी तीन पानं आहेत. ती वही मी वर्षभर बँकेच्या कपाटात कुलपात ठेवली होती. काल घरी आणली आणि दीपालीला दाखवली. ती श्रावूला घेऊन आईच्या खोलीत गेली. अठराला सगळे बसले की भन्तेजींसमोर मी हे उभं राहून सांगणार आहे, पण तुला आधी कळायला हवं होतं. मला माफ कर असं मी म्हणत नाही. तू सतरालाच ये, श्रावूला मांडीवर घे आणि आई बोलायची तसं बोल तिच्याशी. ती मोडकंतोडकं जे काही बोलेल ते ऐक. माझ्यासमोर ती अजून वाक्य जुळवते, आणि तिला कसं सांगू ते मला कळंना. 'पप्पा, आज्जी उठंना.' पूर्ण वाक्य होतं ते.

तुझाच,
प्रेमादादा