पिंजऱ्यातला सैल अणू

प्रिय बाबा,

सेंदाईत उकाडा सुरू झालाय. घसरून दुखावलेला तुमचा पाय कसा आहे? खरं सांगा.

तुम्ही विचारलंत, त्या दगडात एवढं काय बघतेस? त्याचं एक टोक तापलेलं नि दुसरं गार राहिलं, तर वीज निघते. त्यात अणूंचे पिंजरे असतात. रिकाम्या पिंजऱ्यांतून उष्णता सुसाट पलीकडे जायची. मी आत एकेक जड अणू सैलसा बसवला. तो थरथरतो, उष्णता अडखळते. वीज मात्र वाहतेच!

आमच्या प्रयोगशाळेचे मुरोईसर म्हणाले, "चुकलीस. पुन्हा मोज."

पुन्हा तेच आलं. मग सर स्वतःच खुर्ची ओढून बसले. "असं का होतं गं?"

मलाही नीटसं ठाऊक नाही, बाबा. ते कळेपर्यंत इथून पाय निघणार नाही. ओबोनला, पितर घरी येतात तेव्हा, आईचा दिवा यंदा तुम्ही एकट्यानं लावा. तिला कारण सांगा.

तुमची,
चिझुरु