काळ्या रंगाखालची रेघ

१२ मार्च
दिवसभर गच्चीवर रंगकाम. नवऱ्याच्या, प्रशांतच्या बाइकचे सुटे भाग, आणि माझ्या धाकट्या भावाच्या, मंदारच्या बाइकचेही. दोघांचं मॉडेल एकच, आता हौसही एकदमच. हँडलखालची ती जाड पट्टी, जिच्यात पुढचे दोन्ही शॉकर अडकतात, मिस्त्री तिला 'टी' म्हणतात. दोन्ही टी घासल्या, धुतल्या, कपड्यांच्या तारेला टांगल्या. दाणेदार काळा स्प्रे. उन्हात दाणा काय सुरेख उठलाय! मंदार म्हणे, "ताई, शोरूम में भी ऐसा नहीं मिलेगा." हात भैरवगढच्या कापड छापणाऱ्या रंगाऱ्यांसारखे झालेत, शाळेत मुली विचारणार.
घासताना एका टीवर केसाएवढी रेघ दिसली. ओरखडा असेल. पुट्टी भरून टाकली.

१६ मार्च
दोन्ही गाड्या जोडून झाल्या. प्र. उगीचच टॉवर चौकात चक्कर मारून आला. पोह्यांच्या गाडीवर दोघांनी विचारलं म्हणे, कुठे करवला पेंट? मी हवेत.

२१ मार्च
स्कूटीचा ब्रेक नीट करायला देवास गेटला, रईसभाईंकडे. बाकड्यावर कोणाच्या तरी बाइकची तुटलेली टी पडलेली. मधोमध दोन तुकडे. सहज हातात घेतली. तुटल्या जागी अर्धा भाग काळपट, अर्धा ताजा, चकचकीत.
"ये तो पहले से चटकी हुई थी, मैडम. गड्ढा आया और गई."
"और चलाने वाला?"
त्यांनी नुसती मान हलवली. हो की नाही, कळलं नाही. पुन्हा विचारायची हिंमत झाली नाही.
माझी ती रेघ. शॉकर बसतो त्या भोकाच्या अगदी कडेला होती. नखाला लागली होती का? वाटतं, लागली होती.

२२ मार्च
रेघ कोणाच्या टीवर होती? आठवत नाही. शप्पथ आठवत नाही. गच्चीवर जाऊन तारेखाली उभी राहिले. डावीकडे प्र.ची होती की मंदारची... रंग दिल्यावर दोन्ही हुबेहूब सारख्या.
प्र. नेहमीसारखा बाइकने देवासला, ऑफिसात. "पोहोचलास?" असा मेसेज टाकला. उत्तर येईपर्यंत सातवीच्या फळ्यावर काय लिहीत होते देव जाणे, मुली फिदीफिदी हसत होत्या. प्र.ला अजून सांगितलं नाहीये.

२३ मार्च
सांगितलं. प्र. हसला. "अगं, इतकी जाड वस्तू! ओरखड्याने तुटते का?" मी किल्ली ब्लाउजमध्ये खोचली. चिडला. मग माझ्याकडे नीट पाहिलं. बसने गेला.
मंदारला फोन केला. "टेन्शन नको घेऊ ताई, मक्खन चलतेय गाडी." संध्याकाळी घेऊन येच म्हटलं. वाट पाहिली, आला नाही. फोनवर म्हणे, बायकोला, रुचीला बाजारात जायचं होतं, उद्या बघू.

२४ मार्च
सुट्टी. रईसभाई घरीच आले, प्र.च्या गाडीची टी काढली. रिमूव्हर लावल्यावर माझा रंग फुगला, सालपटासारखा सुटून आला. मग घासलेट चोळलं, पुसून कोरडं केलं, वरून खडूची पूड भुरभुरवली. "जहाँ फटा होगा, वहाँ से तेल चॉक में आ जाएगा."
तिघं अंगणात उकिडवे बसून त्या पट्टीकडे बघत होतो. पूड पांढरी ती पांढरीच.
"बघ! मी काय म्हणत होतो?" प्र.ने पाठीवर थोपटलं. मला रडू फुटलं. त्याला वाटलं, सुटकेचं.
पुट्टी नव्हती. टीवर कुठेच पुट्टी नव्हती. म्हणजे ती रेघ मंदारच्या गाडीत आहे.
मोबाइल उघडला तर रुचीचं स्टेटस. ओंकारेश्वरचा पूल, दोघांचे हेल्मेटमधले चेहरे. पहाटेच निघालेत. बाइकवर. मला कळवलंही नाही.

त्याच दिवशी, दुपारी
मंदारचा फोन कितीदा लावला तेव्हा एकदाचा लागला. दर्शन झालं, परत निघालेत, घाट सुरू व्हायच्या आधी चहाला थांबलेत.
"मंदार, गाडीवर बसू नकोस." सगळं सांगितलं.
"थांब, बघतो." जरा वेळाने, "कुठे काय आहे? एकदम नवी दिसतेय."
"दिसणारच नाही रे! मीच झाकलंय ते!"
मागून रुची, "दीदी क्या बोल रही हैं?"
"कुछ नहीं, पेंट का कुछ है."
"गाडी तिथेच ठेव. बस पकडा, नाहीतर टेम्पोत घाल. माझी शपथ आहे तुला."
"हो ताई."
हा 'हो' मी त्याच्या लहानपणापासून ऐकत आलेय. दूध प्यायलास? हो. गृहपाठ झाला? हो.
प्र. शेजारच्यांची कार घेऊन त्यांच्या वाटेवर निघालाय, रईसभाई सोबत. मला म्हणाला, तू फोनपाशी थांब.

संध्याकाळ
प्र. इंदूरच्या पुढे गेला. वाटेत कुठे दिसले नाहीत. चहाची टपरी कोणती, मी विचारलंच नव्हतं. मंदारचा फोन स्विच ऑफ.
रुचीचा वाजतोय. पूर्ण वाजतो, उचलत नाही. बसमध्ये डोळा लागला असेल.
हेल्मेट घातलं की तिला रिंग ऐकू येत नाही.