आईचा जबाब

सुहासदादा, सप्रेम जय भीम.

तुझ्या तक्रारीच्या चौकशीसाठी आज आईला घेऊन रत्नागिरीला गेले. जबाब घ्यायला तोच फौजदार बसला होता, ज्याच्या मारानं तुझा कान गेला.

"मावशी, पोराला कोणी मारलं?"

"तुम्हीच, साहेब." आईनं त्याच्याकडे बघूनच सांगितलं.

त्यानं शांतपणे लिहिलं आणि वाचून दाखवलं, 'मुलगा पाय घसरून पडला.' आईनं सही करायला नकार दिला. तेव्हा माझ्याकडे बघत तो म्हणाला, "ही कॉलेजला एकटीच जाते ना?"

आईनं सही केली.

एस्टीत जयगड येईपर्यंत ती माझा हात धरून होती.

हे पत्र मी टाकणार नाही. मुंबईहून फोन करून तू विचारशील, "आईनं खरं सांगितलं ना?" मी हो म्हणेन. तिनं सांगितलंच होतं.

तुझी,
दीक्षा