कमी हाय का गं आज?

आई, तू गेलीस तेव्हा मी सातवीत होते, त्यामुळे तुझी नात तुला ठाऊक असायचं कारणच नाही. चौथीत आहे. रक्ताचा कॅन्सर झालाय तिला. असं एकदम सांगू नये, पण आडून-आडून बोललेलं तुलाही कधी खपलं नाही. बेळगावच्या मोठ्या दवाखान्यात औषध चढवतात, मग आम्ही गावी, गुंदला परत येतो, आणि आठवड्याभरात तिचं तोंड आतून सोलून निघतं. जिभेवर, गालांच्या आत, सगळीकडे फोड. पेजसुद्धा गिळवत नाही. डॉक्टर म्हणतात, या औषधानं रोगाबरोबर तोंडाची आतली कातडीही मरते, आणि तोंड स्वच्छ राहिलं नाही तर तिथूनच जंतू रक्तात शिरतील. म्हणजे माझ्या लेकीचा जीव आता दात घासण्यावर आलाय.

तुझ्या चुलीपुढच्या सकाळी आठवतात. कोळसा नि मीठ कुटून ठेवलेलं असतं, तू माझी हनुवटी धरतेस आणि बोट घालून खसाखसा घासतेस. मी रडले की म्हणायचीस, "झोंबतंय तर झोंबूदे. तोंड उघड." लाडीगोडी तुला कधी जमलीच नाही. एकदा दात न घासता चहा प्यायला बसले, तर तू कप हिसकावून अंगणात ओतलास, आणि मी दिवसभर तुझ्याशी बोलले नव्हते. मला लेकीला असं दरडावता येत नाही. तिचा ब्रश तान्ह्या बाळाचा, मऊ. तोही कोमट पाण्यात बुडवून आणखी मऊ करायचा, मग मीठ-सोड्याच्या पाण्याच्या गुळण्या. तरी रक्त येतं.

मागच्या खेपेला औषध घेऊन घरी आलो, तेव्हा आत्या आली, तुझी नणंद. अजून खुटखुटीत आहे. तापावर, अशक्तपणावर आपल्याकडे जे देतात तेच घेऊन आली, तांबड्या मुंग्यांची चटणी, पानात बांधून. मी गोठ्यात होते. महिनाभर कशालाच चव नव्हती, तेव्हा पोरीनंच हात पुढं केला असणार. ती आंबट-तिखट चटणी त्या उघड्या फोडांवर! ओरडणं ऐकून धावत आले, तर आत्याच रडत बसलेली. "माज्या हातानं भरवलं गं मी, ताकद यील म्हणून." तिला काय बोलणार? तूही तेच केलं असतंस. पण त्या दिवसापासून पोरीनं तोंड मिटलं ते मिटलंच. ब्रश नाही, गुळण्या नाहीत. फोडांवर पांढरा थर आला, ताप चढला, आणि आम्ही जीपनं तालुक्याला, जोयड्याला नि तिथून पुन्हा बेळगावला आलो.

आता वॉर्डात आहोत. फोड भरल्याशिवाय पुढचं औषध देत नाहीत, आणि औषध लांबलं की रोगाला फावतं. रोज सकाळी मी मोबाईलची बॅटरी लावून तिच्या तोंडात बघते. ती विचारते, "आई, कमी हाय का गं आज?" मी म्हणते, व्हय, कालच्यापेक्षा कमी. त्या एका शब्दावर ती डोळ्यांतून पाणी गाळत घासू देते. कमी काही नसतं. काल डॉक्टरांनी बघितलं आणि तिच्यासमोरच म्हणाले, तसंच आहे अजून, औषध पुढं ढकलू. तिनं माझ्याकडे बघितलं. चिडली असती तर बरं झालं असतं.

आज सकाळी तिनं मोबाईल माझ्या हातातून घेऊन नर्सबाईंना दिला आणि त्यांनाच विचारलं. त्यांनी नीट वाकून बघितलं. म्हणाल्या, "न्हाई बाळा, कमी न्हाई. तरी घासायचंच." आणि तिनं घासून घेतलं. मी भिंतीला टेकून उभी होते. पोटच्या पोरीचा आपल्यावरचा विश्वास उडाला, वाईट वाटायला हवं होतं ना मला? मला सुटल्यासारखं वाटलं, आई. हे तिच्या बापालाही सांगितलेलं नाही. हे पत्र कुठं पाठवायचं नाही म्हणून तर तुला लिहिलं.