अण्णांचं बोलणं होईपर्यंत

दि. ४ फेब्रुवारी

चि. खारूस,
अ. उ. आ.

फोन सोडून दादाला पत्राची हौस कुठून आली, म्हणून तू आधी हसशील आणि मग घाबरशील. घाबरू नकोस. अण्णांची तब्येत मागच्या महिन्यात होती तशीच आहे. पण फोनवर बोललं की त्यांना शब्द न् शब्द ऐकू जातो. आजारानं वाचा नेली, उजवा हात नेला, कान मात्र पहिल्यापेक्षा तिखट झालेत. आणि हे त्यांच्या कानावर जायला नको.

अक्षरं दाबली की बोलणारं तुमच्या कंपनीचं ते यंत्र अण्णा वापरत नाहीत. तू येतेस तेव्हा ते मांडीवर असतं. तुझी पाठ वळली की टॉवेलखाली जातं. पाणी हवं असलं की पेला वाजवतात, दुखलं की माझं मनगट दाबतात. तू पाठवलेल्या प्रश्नावलीत त्यांनी पैकीच्या पैकी गुण दिलेत, ते मला ठाऊक आहे, कारण कागद मीच धरला होता. वापरायला सोपं वाटलं का, या प्रश्नाला त्यांनी सगळ्यात वरच्या आकड्यावर बोट ठेवलं, तेव्हा मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. लेक ज्या कामासाठी धडपडतेय, त्याला बाप कमी गुण देईल होय?

दुकानात त्यांची खुर्ची दाराशीच ठेवतो. गिऱ्हाइकं माझ्या हातून केस कापून घेतात, पण अण्णांच्या गप्पांशिवाय दाढीला गुळगुळीतपणा येत नाही, असं तोंडावर सांगतात. मीही ऐकून घेतो, हातात वस्तरा असूनसुद्धा.

वहिनी तुझी आठवण काढते. वेळेवर जेवत जा आणि या कडू पत्रापायी दादावरची माया आटवू नकोस.

तुझा,
दादा


दि. ११ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी तुझा राग आला, मग अण्णांचा, आणि मग नुसतंच रडू आलं.

माझं काम तुला कधी नीट सांगितलंच नाही. आमच्याकडे एक चाचणीची खोली आहे. तिथे माणसाला यंत्रापुढे बसवायचं आणि एकेक काम द्यायचं: पाणी मागा, दिवा बंद करायला सांगा, डॉक्टरांना बोलवा. तो कुठे अडतो, कुठे चुकतो, किती वेळ घेतो, ते टिपायचं. एरवी आम्ही सांगतो की मनात येईल ते मोठ्यानं बोलत राहा. या यंत्रासाठी येणाऱ्यांना ते कसं सांगणार? म्हणून त्यांच्या चेहऱ्याकडे बघत बसतो. मदत करायची नाही, हा पहिला नियम. अण्णांनी त्या खोलीत सगळी कामं बिनचूक केली होती. मी काचेपलीकडून बघत होते आणि मला इतका अभिमान वाटला होता, की शेजारच्या मुलीला मी दोनदा सांगितलं, हे माझे वडील.

मग घरी काय बिघडतं? तुला विचारून उपयोग नाही, तुझे डोळे गिऱ्हाइकाच्या मानेवर असतात. मीच चार दिवसांची रजा काढून येते. दुकानातल्या बाकावर कोपऱ्यात बसेन आणि काही बोलणार नाही. मी गप्प बसणार, हे वाचून वहिनी हसेल, तर हसू दे.

मोठ्यांना नमस्कार. दारातून आत घेशील एवढा लोभ शिल्लक ठेव.

तुझी,
खारू


दि. २ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

सुखरूप पोचले. निघताना तुला काही बोलले नाही, कारण अण्णा दारातच होते. पत्राची तुझी युक्ती मीही उचलली.

शनिवारी दुपारी घड्याळवाले काका आले होते, आठवतंय? जावयानं नवी स्कूटर भाजीच्या गाडीवर कशी घातली, ते सांगत होते. सगळे खो खो हसत होते. अण्णांचे डोळे लकाकले. तुला माहीत आहे ते लकाकणं, कुणाची तरी फिरकी घ्यायच्या आधीचं. त्यांनी टॉवेल बाजूला केला आणि डाव्या हाताचं बोट फिरवायला लागले. पडद्यावरचं एक पान, मग दुसरं, मग एकेक अक्षर. घामाघूम झाले, पण एकदाही चुकले नाहीत. तोवर काका स्वतःच्या बहिणीच्या ऑपरेशनवर आले होते. गाठ पसरलीय, डॉक्टरांनी हात टेकलेत, असं सांगत होते. आणि नेमकं तेव्हा यंत्र बोललं, की जावयाला विचारा, टोमॅटो किलोनं घेतले की धडकेनं.

कुणी हसलं नाही. तू आरशातून वर बघितलंस आणि पुन्हा मान खाली घातलीस. अण्णांनी टॉवेल ओढून घेतला.

दादा, अण्णांना पाणी मागायचं नाहीच आहे. पाणी पेल्यानं मिळतं. त्यांना वेळेवर बोलायचंय. आमच्या खोलीत समोरचा माणूस थांबतो, कारण थांबायचा त्याला पगार मिळतो. दुकानात कोण थांबणार?

आमच्या विभागाच्या मोठ्या बाईंना हे सांगितलं, तर त्या म्हणाल्या की लोकांना धीर नसेल तर तो यंत्राचा दोष कसा. मी म्हणाले, दोष कुणाचा ते मला माहीत नाही, पण माणूस गप्प झालाय आणि आपल्याकडे यंत्राला पैकीच्या पैकी गुण आहेत. त्यांनी अण्णांची प्रश्नावली पुन्हा उघडून बघितली. मग विचारलं, काय हवंय. मी सांगितलं, एकच बटण, पडद्याच्या डाव्या कडेला, हाताला लागेल एवढं मोठं. ते दाबताच यंत्रानं सगळ्यांना थांबायला सांगायचं. पुढचं अण्णा सावकाश जुळवतील.

यंत्रानं नेमकं काय म्हणायचं, ते अण्णांनाच विचार. आणि खरं सांगायला सांग. मला बरं वाटावं म्हणून नको.

खारूवरचा तुझा जीव असाच राहू दे.

तुझी,
खारू


दि. २९ मार्च

चि. खारूस,
अ. उ. आ.

बटण आलं, बसलं आणि आमच्या कानांची वाट लागली. अण्णांनी निवडलेलं वाक्य तुला कळवलंच होतं: थांबा, अजून झालं नाही. मानेवरचे केस राहिलेले असताना उठणाऱ्या गिऱ्हाइकाला ते हेच म्हणायचे. पहिल्यांदा यंत्रातून ते ऐकलं तेव्हा माझ्या खुर्चीतला माणूस उठता उठता खाली बसला.

आता दुपारी दुकानात बघ. बटण वाजलं की सगळे गप्प. मी कात्री थांबवतो. दोन-तीन मिनिटं रस्त्यावरची वाहनं तेवढी ऐकू येतात आणि मग अण्णा बोलतात. काल त्यांनी काकांना सांगितलं, की तुमची घड्याळं तुमच्यासारखीच, चालतात कमी आणि वाजतात जास्त. काका डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. परवा वहिनीशी भांडलेसुद्धा, सूपमधल्या मिठावरून. वहिनी चक्क खूश होती.

तू पुन्हा पाठवलेली प्रश्नावली सोबत आहे. या वेळी दोन ठिकाणी त्यांनी फार कमी गुण दिलेत. अक्षरं बारीक आहेत आणि यंत्राचा आवाज सर्दी झालेल्या कारकुनासारखा आहे, असं त्यांचं म्हणणं.

पण खारू, डावा हातही जड होतोय. सकाळी बोट उचललं जातं, दुपारनंतर मी कोपर धरतो. डॉक्टर आता लांबचं काही बोलत नाहीत. जमेल तेव्हा येऊन जा.

आम्हा सगळ्यांचा जीव तुझ्या वाटेकडे लागलाय.

तुझा,
दादा


दि. १९ एप्रिल

ती. दादास,
सा. न. वि. वि.

परत आल्यापासून रोज कामावर जाते. घरी बसवत नाही. सगळे फार जपून वागतात, त्याचाच त्रास होतो.

अण्णांचे दिवस होईपर्यंत घर माणसांनी भरलेलं होतं, तेव्हा विचारता आलं नाही. मला गाडी मिळाली नाही, मी पोचले तेव्हा सगळं संपलं होतं. वहिनी एवढंच म्हणाली, की शेवटच्या दुपारीही त्यांनी बटण दाबलं होतं. पुढे काय झालं, ते मला सांगशील? कंपनीसाठी नाही. मोठ्या बाईंनी अण्णांचं नाव चाचणीच्या नोंदीतून काढू का, असं हळूच विचारलं, मी राहू द्या म्हणाले. हे मी माझ्यासाठी विचारतेय. ते काय म्हणाले, दादा?

आता मला रागवायला तूच उरलास. तेवढा हक्क सोडू नकोस.

तुझी,
खारू


दि. २५ एप्रिल

चि. खारूस,
अ. उ. आ.

दोनदा लिहायला बसलो आणि उठलो. आज लिहितो.

त्या दिवशी दुकानात गर्दी होती. खुर्चीत एक शाळामास्तर होते, अर्ध्या गालाला साबण. बाकावर दोघं. काका नुकतेच आले होते, बहिणीची बातमी सांगायला. ती घरी परतलीय, बरं खातेपिते, एवढं त्यांनी सांगितलं आणि अण्णांनी बटण दाबलं. कोपर मी धरलं नव्हतं, त्यांचं त्यांनीच दाबलं.

सगळे थांबले. अण्णांचं बोट पडद्यावर होतं. त्यांनी एक अक्षर जुळवलं, 'ब'. मग बोट तिथेच राहिलं. मी जवळ जाऊन बसलो. त्यांना दम लागला होता, पण डोळे काकांकडेच होते. 'बरं झालं' म्हणायचं होतं, 'बसा' म्हणायचं होतं की 'बहीण', मला माहीत नाही. मी पुढचं अक्षर दाबून देऊ शकलो असतो. तुझा तो नियम आठवला, म्हणून नाही दाबलं. बरोबर केलं की चूक, ते तूच सांग.

थोड्या वेळानं त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, दमले. श्वास चालू होता, मग हळूहळू लांबत गेला आणि थांबला.

तू विचारतेस, ते काय म्हणाले. खारू, ते काही म्हणाले नाहीत. पण त्या दुपारी दुकानातून कुणी उठलं नाही. मास्तरांच्या गालावरचा साबण वाळून गेला, त्यांनी हात लावला नाही. काका दारात उभे होते ते उभेच राहिले. मी त्यांना बसायला सांगितलं, तर ते नको म्हणाले, अण्णांचं बोलणं अजून व्हायचंय म्हणून.

तुझा,
दादा